हिप्पोकॅम्पसच्या नोंदींतून स्थानपेशीचा नकाशा कसा काढावा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये काम करणारे जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी 1971 साली एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोकळेपणी फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील काही चेतापेशी, उंदीर एका ठरावीक जागी आला की स्पंदू लागतात, म्हणजे छोटे विद्युतसंकेत सोडू लागतात, आणि तिथून दूर गेला की जवळजवळ शांत होतात, असे त्यांना दिसले होते. या पेशींना आज स्थानपेशी किंवा प्लेस सेल म्हणतात. एडवर्ड टोलमन यांनी 1948 साली उंदरांच्या वर्तनावरून असा तर्क मांडला होता की प्राणी केवळ वळणांची साखळी पाठ करत नाही, तर परिसराचा एक नकाशा मनात बाळगतो. स्थानपेशींमुळे त्या तर्काला मेंदूत प्रथमच एक ठोस आधार मिळाला. 2014 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार या शोधासाठी ओकीफ यांना आणि त्याच्याशी जोडलेल्या, जाळीसारख्या मांडणीत स्पंदणाऱ्या ग्रिड पेशींच्या शोधासाठी मे-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर यांना विभागून देण्यात आला.

या प्रकारच्या प्रयोगांच्या नोंदी आज अनेक संशोधनगट सर्वांसाठी खुल्या ठेवतात. सीआरसीएनएस आणि डँडी या अशा नोंदींच्या दोन परिचित ऑनलाइन साठवणी आहेत. ज्याला पायथन किंवा मॅटलॅबसारख्या भाषेत थोडेफार काम करता येते, तो स्वतः प्राणी न हाताळता आणि प्रयोगशाळेत पाऊल न टाकता स्थानपेशीचा नकाशा काढू शकतो. तो कसा काढावा आणि काढल्यावर त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे या लेखात सांगायचे आहे. दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण संगणकाला कोणत्याही पेशीचे स्पंद दिले तरी तो एक आकर्षक रंगीत चित्र काढून देतो. ते चित्र म्हणजे त्या पेशीने जागेविषयी सांगितलेले काही आहे, की प्राण्याच्या सवयींचा आणि आपल्या घाईचा परिणाम आहे, हे चित्राकडे नुसते पाहून कळत नाही.

नोंदींमध्ये काय असते आणि ते कसे तपासावे

एका प्रयोगाच्या नोंदीत साधारणपणे तीन गोष्टी असतात: प्रत्येक पेशीच्या स्पंदांच्या वेळा, प्राण्याच्या डोक्याची जागा सांगणारी व्हिडिओवरून काढलेली निर्देशांकांची मालिका, आणि मेंदूच्या त्या भागातील मंद विद्युतलहरींची नोंद. स्पंदांच्या वेळा सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक मोजलेल्या असतात, कारण मूळ विद्युतसंकेत सेकंदाला वीस ते तीस हजार वेळा टिपला जातो. व्हिडिओच्या चौकटी मात्र सेकंदाला साधारण 25 ते 50 इतक्याच असतात. त्यामुळे सर्वप्रथम दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर आहेत का, हे पाहावे. त्यांच्यात अर्ध्या सेकंदाची तफावत राहिली, तर सेकंदाला 30 सेंटीमीटर वेगाने धावणाऱ्या उंदराचे प्रत्येक स्पंद प्रत्यक्ष जागेपासून 15 सेंटीमीटर दूर दिसेल. एक मीटर बाजूच्या पेटीत एवढी चूक नकाशा पूर्णपणे बिघडवण्यास पुरेशी आहे.

स्पंद कोणत्या पेशीचे आहेत हे ठरवण्याचे काम, म्हणजेच स्पाइक सॉर्टिंग, खुल्या नोंदींमध्ये बहुधा आधीच झालेले असते. तरीही त्याची तत्त्वे समजून घ्यावीत. हिप्पोकॅम्पसमध्ये पेशी एकमेकींना अगदी खेटून असतात, म्हणून एका तारेने त्यांना वेगळे करणे कठीण जाते. टेट्रोडमध्ये केसाहूनही बारीक अशा चार तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि प्रत्येक पेशी या चार तारांपासून वेगवेगळ्या अंतरावर असल्याने तिचा स्पंद चारही तारांवर वेगवेगळ्या उंचीचा उमटतो. या उंचींच्या परस्पर प्रमाणावरून पेशी ओळखली जाते. ही ओळख कधीकधी चुकते आणि दोन पेशी एकच समजल्या जातात. त्यांतील एक पेशी दाराजवळ आणि दुसरी समोरच्या कोपऱ्यात स्पंदत असेल, तर आपल्याला दोन स्थानक्षेत्रे, म्हणजे स्पंदण्याच्या दोन जागा, असलेली एक पेशी दिसेल, जी प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. म्हणून प्रत्येक पेशीच्या लागोपाठच्या दोन स्पंदांमधील अंतरांचा आलेख काढावा. एकदा स्पंदल्यावर चेतापेशीला साधारण दोन मिलिसेकंदांच्या आत पुन्हा स्पंदणे जवळजवळ अशक्य असते. या अवधीत बरेच स्पंद दिसत असतील, तर ती नोंद एकाच पेशीची नाही असे समजून बाजूला ठेवावी.

याच टप्प्यावर पेशींचे दोन गट करून घ्यावेत. स्थानपेशी या पिरॅमिड आकाराच्या उत्तेजक पेशी असतात. त्यांचा स्पंद रुंद असतो आणि संपूर्ण नोंदीवर काढलेला त्यांचा सरासरी दर कमी, बहुधा सेकंदाला पाचपेक्षा कमी असतो. त्यांच्या शेजारच्या अवरोधक पेशी अरुंद स्पंदाच्या आणि वेगाने स्पंदणाऱ्या असतात. अवरोधक पेशींच्या नकाशातही चढउतार दिसतात, परंतु त्यांचा अर्थ वेगळा असल्यामुळे दोन्ही गट एकत्र मोजू नयेत.

रंग भरण्यापूर्वी मार्ग पाहावा

नकाशाच्या आधी एक साधे चित्र काढावे: प्राण्याचा संपूर्ण मार्ग करड्या रेषेने आणि ज्या ज्या क्षणी पेशी स्पंदली त्या क्षणांच्या जागा लाल ठिपक्यांनी. हे चित्र टाळून थेट रंगीत नकाशाकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो, पण माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत प्रामाणिक चित्र हेच आहे, कारण त्यात अजून कोणतीही निवड केलेली नसते. प्राणी पेटीत सर्वत्र फिरला की भिंतींच्या कडेनेच वावरला, हे त्यात लगेच दिसते. नव्या जागेत उंदीर बराच वेळ भिंतीला धरून राहतो. मधल्या भागात तो फारसा गेलाच नसेल, तर त्या भागात पेशी शांत असते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

त्यानंतर प्राणी थांबलेला असतानाचा काळ वगळावा. उंदीर हलत असताना हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला साधारण सहा ते दहा आवर्तनांची थीटा लहर चालू असते आणि स्थानपेशी त्या वेळी प्रामुख्याने प्राण्याच्या त्या क्षणीच्या जागेनुसार स्पंदतात. तो थांबून खात असताना, अंग साफ करत असताना किंवा डुलकी घेताना थीटा ओसरते आणि अधूनमधून अगदी थोड्या काळाच्या, सेकंदाला सुमारे 150 ते 250 आवर्तनांच्या तीव्र लहरी उमटतात. या लहरींच्या वेळी पेशी प्राणी जिथे नाही अशा जागांचे क्रमही पुन्हा घडवतात. असे स्पंद नकाशात मिसळले, तर प्राणी जिथे विश्रांती घेतो त्या कोपऱ्यात खोटी स्थानक्षेत्रे दिसू लागतात. म्हणून सेकंदाला तीन ते पाच सेंटीमीटरपेक्षा कमी वेग असलेला काळ काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे. वेग काढण्यापूर्वी जागेची मालिका थोडी सौम्य करून घ्यावी, कारण जागा टिपण्यासाठी प्राण्याच्या डोक्यावर लावलेल्या दिव्याचा थरथराटही संगणकाला हालचाल वाटतो. गाळलेल्या काळातील स्पंद आणि त्याच काळातील वास्तव्य हे दोन्ही वगळले गेले पाहिजे. केवळ स्पंद वगळून वेळ तशीच ठेवली, तर विश्रांतीच्या जागेचा दर कृत्रिमरीत्या खाली जातो, आणि ही चूक अंतिम चित्रात कुठेही उघड दिसत नाही.

स्पंदांना वास्तव्यकाळाने भागावे

नकाशा काढण्याची मुख्य कृती एका भागाकाराची आहे. पेटीच्या तळाचे समान आकाराचे लहान चौकोन पाडावेत. प्रत्येक चौकोनात किती स्पंद झाले ते मोजावे आणि प्राण्याने त्या चौकोनात एकूण किती सेकंद घालवले त्याने त्या संख्येला भागावे. मिळणारी संख्या म्हणजे त्या जागेचा स्पंददर, आणि अशा सर्व संख्यांचा मिळून दर-नकाशा बनतो. हा भागाकार का आवश्यक आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका कोपऱ्यात 90 स्पंद झाले आणि पेटीच्या मध्याजवळ 24, असे दिसले तर ठिपक्यांच्या दाटीवरून पेशी कोपऱ्याची वाटेल. परंतु प्राणी कोपऱ्यात 60 सेकंद होता आणि मध्याजवळ फक्त 3 सेकंद. म्हणजे कोपऱ्याचा दर सेकंदाला दीड आणि मध्याचा आठ आहे, आणि ही पेशी मध्याची आहे. एक पर्जन्यमापक तासभर आणि दुसरा दिवसभर उघड्यावर ठेवून कोणत्या ठिकाणी पाऊस जोराचा होता हे नुसत्या साठलेल्या पाण्यावरून ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

चौकोन किती मोठा असावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एक मीटर बाजूच्या पेटीत अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडले तर ते 1600 होतात. प्राणी सतत 20 मिनिटे फिरला असे धरले, तरी 1200 सेकंद 1600 चौकोनांत वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाऊण सेकंद येतो. सेकंदाला पाच वेळा स्पंदणारी पेशी एवढ्या काळात सरासरी चारच्या आसपास स्पंद देईल, पण कधी एक देईल, कधी सात. एका चौकोनातील संख्येला त्यामुळे स्वतंत्रपणे फारसा अर्थ राहत नाही. पाच सेंटीमीटरचे चौकोन घेतले तर ते 400 होतात आणि प्रत्येकाला सरासरी तीन सेकंद मिळतात, पण क्षेत्राची कड अस्पष्ट होते. रूढ मार्ग असा की चौकोन लहान ठेवावेत आणि शेजारच्या चौकोनांची मूल्ये गाउसच्या घंटाकृती भारानुसार एकमेकांत मिसळून नकाशा सौम्य करावा.

हे सौम्य करणे भागाकारानंतर करू नये. स्पंदांचा नकाशा आणि वास्तव्यकाळाचा नकाशा हे दोन्ही स्वतंत्रपणे, एकाच भाराने सौम्य करावेत आणि मग पहिल्याला दुसऱ्याने भागावे. आधी भागले तर ज्या चौकोनात प्राणी दहाव्या भागाएवढा सेकंद होता आणि योगायोगाने एक स्पंद झाला, त्याचा दर सेकंदाला दहा ठरतो आणि तो फुगलेला आकडा आजूबाजूच्या चौकोनांतही पसरतो. ज्या चौकोनांत प्राणी गेलाच नाही किंवा नगण्य काळ होता, ते नकाशात कोरे सोडावेत. त्यांना शून्याचा रंग देणे म्हणजे न पाहिलेल्या जागेबद्दल विधान करणे होय. सर्वांत गडद रंग किती दराचा आहे, हा आकडा प्रत्येक नकाशाशेजारी लिहावा. अन्यथा सेकंदाला अर्धा स्पंद देणारी पेशी आणि वीस स्पंद देणारी पेशी वाचकाला सारख्याच तेजस्वी दिसतात.

नकाशा खरा आहे की योगायोगाचा

विल्यम स्कॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली सुचवलेले एक माप आजही सर्वत्र वापरले जाते. एक स्पंद ऐकू आला, तर त्यावरून प्राण्याच्या जागेविषयी किती बिट माहिती मिळते, असा प्रश्न ते माप विचारते. ते काढण्यासाठी प्रत्येक चौकोनाकरिता तीन संख्या गुणाव्यात: प्राणी त्या चौकोनात असण्याची शक्यता, त्या चौकोनाच्या दराचे एकूण सरासरी दराशी गुणोत्तर, आणि त्याच गुणोत्तराचा दोन या पायावरील लॉगॅरिदम. सर्व चौकोनांचे असे गुणाकार मिळवले की माप तयार होते. समजा, जागेचे चारच समान भाग आहेत आणि प्राणी प्रत्येकात सारखाच वेळ असतो. पेशी त्यांतील एकाच भागात सेकंदाला आठ वेळा स्पंदत असेल आणि इतरत्र शांत असेल, तर सरासरी दर दोन, गुणोत्तर चार आणि त्याचा लॉगॅरिदम दोन येतो. एक चतुर्थांश गुणिले चार गुणिले दोन, म्हणजे प्रत्येक स्पंदामागे दोन बिट. चार पर्यायांतून एक निवडायला बरोबर दोनच होय-नाही प्रश्न पुरतात, त्यामुळे हे उत्तर समाधानकारक आहे. पेशी दोन भागांत सारखीच स्पंदत असेल तर माप एक बिट येते आणि सर्वत्र सारखी स्पंदत असेल तर शून्य.

या मापाचा एक मोठा दोष मात्र कायम लक्षात ठेवावा लागतो. स्पंद जितके कमी, तितके ते माप आपोआप वर जाते. संपूर्ण नोंदीत दहाच स्पंद देणारी पेशी कितीही यादृच्छिक असली, तरी तिचे स्पंद दहाच चौकोनांत पडतात आणि ती अतिशय निवडक असल्याचा भास होतो. म्हणून अमुक एवढ्या बिटांच्या वर असलेली प्रत्येक पेशी स्थानपेशी, अशी सरसकट रेषा ओढणे मला पटत नाही. प्रत्येक पेशीची तुलना तिच्या स्वतःच्याच विस्कळीत रूपाशी करावी. त्यासाठी पेशीची संपूर्ण स्पंदमालिका प्राण्याच्या मार्गाच्या तुलनेत यादृच्छिक अंतराने, किमान 20 सेकंदांनी, पुढे सरकवावी आणि शेवटी उरलेला भाग पुन्हा सुरुवातीला जोडावा. यामुळे स्पंदांची संख्या आणि त्यांचे एकामागोमाग येण्याचे स्वरूप जसेच्या तसे राहते, केवळ जागेशी असलेला संबंध तुटतो. अशी सरमिसळ हजार वेळा करून प्रत्येक वेळी माप काढावे आणि खरे माप त्यांतील 950 किंवा, अधिक कडक कसोटी हवी असल्यास, 990 मापांपेक्षा जास्त आहे का ते पाहावे. स्पंद वाटेल तसे विखरून टाकणारी सोपी सरमिसळ वापरू नये. स्थानपेशी झटक्याझटक्याने स्पंदतात, ते झटके मोडले की तुलनेचा पाया कच्चा होतो आणि जवळजवळ प्रत्येक पेशी कसोटीला उतरते.

दुसरी कसोटी स्थिरतेची. नोंदीचे दोन भाग करून दोन वेगळे नकाशे काढावेत आणि चौकोनागणिक त्यांचा सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात, ते पाहावे. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे अशी विभागणी केली, तर नकाशा काळानुसार सरकतो का हे कळते. एकाआड एक मिनिट घेऊन विभागणी केली, तर केवळ मोजमापाचा गोंधळ किती आहे हे कळते. दोन्ही कराव्यात, कारण त्यांची उत्तरे वेगळी आल्यास ती तफावत स्वतःच एक निष्कर्ष असतो.

स्थानक्षेत्राची सीमा ठरवताना बहुतेकजण कमाल दराच्या 20 टक्क्यांहून अधिक दर असलेल्या सलग चौकोनांचा समूह घेतात. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो 30 टक्के केला तर क्षेत्रे लहान होतात आणि कधीकधी एकाची दोन होतात. निकष नोंद उघडण्यापूर्वी लिहून ठेवावा आणि निकाल पाहून तो बदलू नये.

नकाशा कशाला बांधलेला आहे

आतापर्यंतच्या कृतीतून इतकेच सिद्ध होते की पेशीचे स्पंद आणि जागा यांच्यात संबंध आहे. ती जागा प्राण्याला कशावरून कळते, याचे उत्तर एका नोंदीतून मिळत नाही. त्यासाठी एकच पेशी परिस्थिती बदलून पाहिलेली असावी लागते, म्हणून नोंदी निवडताना असे प्रयोग शोधावेत. रॉबर्ट म्युलर आणि जॉन क्युबी यांनी 1987 साली गोल पेटीच्या भिंतीवर लावलेला पांढरा पुठ्ठा फिरवला, तेव्हा स्थानक्षेत्रेही त्याच्याबरोबर फिरली. ओकीफ आणि नील बर्जेस यांनी 1996 साली आयताकृती पेटीच्या भिंती दूर सरकवल्या, तेव्हा काही क्षेत्रे त्या दिशेने ताणली गेली आणि काहींची दोन शिखरे झाली. भिंतींपासूनचे अंतर हा नकाशाचा एक आधार आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. भिंतीच्या कडेने स्पंदणाऱ्या सीमापेशी पुढे शेजारच्या भागांत प्रत्यक्ष सापडल्या.

असा प्रयोग तपासताना दुसऱ्या स्थितीतील नकाशा पाच-पाच अंशांनी फिरवत पहिल्याशी सहसंबंध काढावा आणि तो सर्वाधिक कोणत्या कोनाला येतो ते पाहावे. एकाच वेळी नोंदलेल्या सर्व पेशींचा कोन सारखा आला, तर संपूर्ण नकाशा एकसंधपणे फिरला आहे. कोणत्याच कोनाला सहसंबंध मिळत नसेल, तर रीमॅपिंग झाले आहे. रीमॅपिंग म्हणजे नव्या जागेसाठी पेशींनी संपूर्णपणे वेगळी मांडणी स्वीकारणे. एका जागेत शेजारी-शेजारी क्षेत्रे असलेल्या दोन पेशी दुसऱ्या जागेत एकमेकींपासून दूर जातात किंवा त्यांतील एक गप्पच होते. काही वेळा मात्र क्षेत्रे जागच्या जागी राहतात आणि केवळ त्यांचा दर बदलतो. चौकोनागणिक सहसंबंध या बदलाला जवळजवळ आंधळा असतो, म्हणून कमाल दरांची तुलना स्वतंत्रपणे करावी लागते.

अरुंद धावपट्टीवरील नोंदी वापरत असाल, तर जाण्याचा आणि येण्याचा प्रवास कधीही एकत्र करू नये. धावपट्टीवर बऱ्याच स्थानपेशी एकाच दिशेने धावताना स्पंदतात आणि दोन्ही दिशा मिसळल्या की खरे क्षेत्र अर्ध्या दराचे दिसते. मोकळ्या पेटीतही थोडी सावधगिरी हवी. प्राणी एखाद्या कोपऱ्यात नेहमी एकाच दिशेला तोंड करून जात असेल, तर पेशी जागा सांगते आहे की डोक्याची दिशा, हे वेगळे करता येत नाही. जेम्स रँक यांनी शोधलेल्या दिशापेशी हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या भागांत असल्यामुळे ही शंका काल्पनिक नाही. त्या कोपऱ्यातील स्पंद दिशेनुसार वेगळे मोजावेत, आणि पुरेसे निरीक्षण नसेल तर तसे नमूद करावे.

एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या नोंदी असतील तर

नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे मोसर दांपत्याच्या गटाने 2005 साली दाखवले की हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणाऱ्या मध्य एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधील काही पेशींना एक नव्हे, तर अनेक क्षेत्रे असतात आणि ती समभुज त्रिकोणांच्या जाळीत मांडलेली असतात. या ग्रिड पेशींसाठी दर-नकाशा स्वतःवरच ठेवून सर्व दिशांना सरकवावा आणि प्रत्येक सरकवण्याला सहसंबंध किती येतो याचे चित्र काढावे. खऱ्या ग्रिड पेशीत मध्यबिंदूभोवती सहा शिखरांचे वर्तुळ उमटते. हे चित्र 60 आणि 120 अंशांनी फिरवल्यावर मूळ चित्राशी चांगले जुळले पाहिजे आणि 30, 90 व 150 अंशांना जुळू नये. पहिल्या गटातील सर्वांत कमी सहसंबंधातून दुसऱ्या गटातील सर्वांत जास्त सहसंबंध वजा केला की जाळीचा गुणांक मिळतो. मधले शिखर त्या हिशेबातून वगळावे, कारण ते कोणत्याही पेशीत असतेच. कॉर्टेक्समध्ये पाठीकडच्या बाजूकडून पोटाकडच्या बाजूला जावे तसतसे जाळीतील अंतर वाढत जाते, त्यामुळे लहान पेटीत मोठ्या अंतराची ग्रिड पेशी साध्या स्थानपेशीसारखीच दिसू शकते.

स्पंदाची वेळही वाचावी

दर-नकाशात पेशी किती स्पंदते एवढेच उतरते. ती थीटा लहरीच्या कोणत्या टप्प्यावर स्पंदते, हे त्यात हरवते. ओकीफ आणि मायकल रेसी यांनी 1993 साली धावपट्टीवरील उंदरांमध्ये पाहिले की प्राणी क्षेत्रात शिरताना पेशी लहरीच्या उशिराच्या टप्प्यावर स्पंदते आणि तो क्षेत्र ओलांडत जाईल तसतसा स्पंद लहरीच्या आधीच्या टप्प्याकडे सरकत जातो. हे पाहण्यासाठी मंद लहरींची नोंद सहा ते दहा हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या आवर्तनांच्या) पट्ट्यात गाळून घ्यावी, हिल्बर्ट रूपांतर या गणिती पद्धतीने प्रत्येक क्षणाचा टप्पा काढावा, आणि आडव्या अक्षावर जागा व उभ्या अक्षावर टप्पा घेऊन प्रत्येक स्पंदाचा ठिपका मांडावा. उभा अक्ष 0 ते 720 अंश असा दोनदा घ्यावा, म्हणजे 360 अंशांच्या सीमेवर तुटलेली तिरकी पट्टी सलग दिसते. इथे नेहमीचा सरळ रेषेचा सहसंबंध वापरू नये, कारण 359 अंश आणि 1 अंश हे त्याला दोन टोके वाटतात. कोनांसाठी खास असलेली वर्तुळीय पद्धतच वापरावी. आठ हर्ट्झची एक लहर 125 मिलिसेकंदांची असते, आणि तेवढ्या अवधीत एकामागोमाग क्षेत्रे असलेल्या अनेक पेशी त्याच क्रमाने स्पंदून जातात. पुढे येणारा मार्ग अशा रीतीने प्रत्येक लहरीत आटोपशीर स्वरूपात मांडला जातो, आणि मला तरी या पेशींच्या कामातील सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

अनेक पेशींवरून जागा ओळखावी

एका पेशीच्या नकाशाला नकाशा म्हणण्याची रीत असली, तरी दिशा शोधायला तो पुरेसा नाही. पेशी गप्प आहे, यावरून प्राणी तिच्या क्षेत्रात नाही एवढेच कळते. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी 1993 साली एकाच वेळी डझनावारी पेशी नोंदवून दाखवले की त्यांच्या एकत्रित स्पंदांवरून उंदराचा मार्ग पुन्हा रेखाटता येतो. हीच कसोटी आपल्या नकाशांनाही लावावी.

नोंदीचा काही भाग नकाशे काढण्यासाठी आणि उरलेला भाग चाचणीसाठी राखून ठेवावा. चाचणीच्या भागाचे पाव ते अर्ध्या सेकंदाचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यासाठी आणि प्रत्येक चौकोनासाठी असा प्रश्न विचारावा: प्राणी इथे असता, तर या सर्व पेशींनी नेमके एवढेच स्पंद देण्याची शक्यता किती होती? पेशींचे स्पंद प्वासाँ नियमाने (यादृच्छिक घटना किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या संख्याशास्त्रीय नियमाने) आणि एकमेकींपासून स्वतंत्रपणे येतात असे गृहीत धरले, तर प्रत्येक पेशीची शक्यता तिच्या त्या चौकोनातील दरावरून काढता येते आणि सर्वांचा गुणाकार करता येतो. बेझच्या नियमानुसार त्याला प्राणी त्या चौकोनात असण्याच्या सर्वसाधारण शक्यतेने गुणावे आणि ज्या चौकोनाचे मूल्य सर्वाधिक, ती अंदाजित जागा मानावी. प्रत्यक्षात गुणाकाराऐवजी लॉगॅरिदमांची बेरीज करावी, कारण पन्नास लहान संख्यांचा गुणाकार संगणकाच्या दृष्टीने शून्याकडे घसरतो. नकाशात कुठेही दर नेमका शून्य ठेवू नये. त्या चौकोनात पेशीचा एक जरी भटका स्पंद आला, तरी शून्य दर ती संपूर्ण जागा अशक्य ठरवतो आणि इतर सर्व पेशींची साक्ष वाया जाते. सेकंदाला एक-शतांश इतका किमान दर सर्वत्र घातला की ही अडचण दूर होते. स्वतंत्रतेचे गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, तरीही धावणाऱ्या प्राण्यासाठी ते व्यवहारात चांगले चालते.

अंदाजित आणि प्रत्यक्ष जागेतील अंतरांचे मध्यक काढावे, सरासरी नव्हे, कारण अधूनमधून अंदाज पेटीच्या दुसऱ्या टोकाला उडी मारतो आणि अशा मोजक्या उड्या सरासरीला ओढून नेतात. त्या उड्या टाकून देऊ नयेत. त्या क्षणी प्राणी थांबून इकडेतिकडे मान वळवत होता का, ते मार्गाच्या मूळ नोंदीत पाहावे. ॲडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी 2007 साली चक्रव्यूहाच्या फाट्यावर थबकलेल्या उंदरांमध्ये असेच अंदाज आधी एका वाटेने आणि मग दुसऱ्या वाटेने पुढे धावताना पाहिले होते.

विश्रांतीच्या काळातील तीव्र लहरींमध्ये पेशी जुने मार्ग पुन्हा घडवतात का, हे पाहायचे असेल तर तुकडे 10 ते 20 मिलिसेकंदांचे घ्यावेत, कारण तिथे संपूर्ण मार्ग सेकंदाच्या एका लहानशा अंशात आटोपतो. एवढ्या छोट्या तुकड्यात दोन-तीनच पेशी स्पंदतात आणि यादृच्छिक स्पंदांतूनही सरळ रेषेसारखे काहीतरी सहज तयार होते. त्यामुळे येथे दोन प्रकारच्या सरमिसळी आवश्यक ठरतात: एकीत पेशींचे नकाशे आपापसांत अदलाबदल करावेत आणि दुसरीत तुकड्यांचा काळक्रम विस्कळीत करावा. जो मार्ग या दोन्हींना पुरून उरतो, तोच पुनरावृत्ती म्हणून मोजावा, आणि तपासलेल्या एकूण किती घटनांपैकी किती उरल्या, हा आकडा चित्राखाली लिहावा.